वाया गेलेल्यांचा खण

पाकीट आलं तेव्हा तिच्या एका हातात ठमी होती आणि दुसऱ्या हातात डोळा. दोन्ही खाली ठेवण्यासारखे नव्हते. डोळा पॉलिशच्या चाकावरून नुकताच उतरलेला, कोमट, तपकिरी, डावा. कुठेही टेकवला असता तर चरा उठला असता. आणि ठमीला, म्हणजे आठ महिन्यांच्या तिच्या लेकीला, खाली ठेवलं असतं तर अख्ख्या गल्लीला कळलं असतं. म्हणून तिनं पाकीट दातांत धरून फाडलं, कागद गुडघ्यावर पसरला, आणि थुंकीनं जरासं ओलं झालेलं पहिलंच वाक्य वाचलं: सदर दोन कंपन्या कागदोपत्री स्वतंत्र असल्या तरी वस्तुतः एकच आहेत असे दिसून येते, तसे नसल्यास कारणे दाखवावीत. ठमीनं कागदाचा कोपरा मुठीत घेतला आणि तोंडात घातला. ठमी हल्ली सगळंच तोंडात घालायची, आपला पायाचा अंगठा आणि आईचं बोट सारख्याच नवलानं चावून बघायची. आपण कुठे संपतो आणि आई कुठे सुरू होते हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. कर खात्याला मात्र ते कारणांसकट हवं होतं, पंधरा दिवसांत.

दोन कंपन्या म्हणजे केवढ्या! एक ही, घराच्या मागच्या दोन खोल्या: साचे, वाफेचं भांडं, पॉलिशचं चाक, आणि ती. दुसरी सीमेपलीकडे, तिनं कधी न पाहिलेल्या गावात, एका खिडकीपाशी बसलेला म्हातारा. ती कृत्रिम डोळ्याचा पांढरा भाग करायची, त्यात लाल रेशमाचे केसाहून बारीक धागे बसवून शिरा उमटवायची, पेशंटच्या खोबणीत बसेल असा घासायची. बुबुळं मात्र पलीकडून यायची. शर्टाच्या गुंडीएवढ्या चकतीवर तो म्हातारा एका केसाच्या कुंचल्यानं असं बुबुळ रंगवायचा की ते बघणाऱ्याकडे बघायचं. बाबा त्यांना बुबुळवाले म्हणायचे, ती बुबुळकाका. इकडच्या पेशंटला दोन पावत्या मिळायच्या, एक डोळ्याची, एक बुबुळाची. तिकडच्यालाही दोनच. बावीस वर्षं असंच चाललं होतं, आणि या बावीस वर्षांत दोन्हीकडून कुणी एका ओळीचाही करार लिहिला नव्हता.

"तेच तर त्यांना खुपलंय," मामा म्हणाले. मामा म्हणजे तिच्या आईचे धाकटे भाऊ. करसल्लागार होते आणि तिचे कागद फुकटात बघायचे, त्यामुळे त्यांना बोलण्याची पूर्ण मुभा होती. "अगं, त्यांचं म्हणणं असं, की तुम्ही दोघं मिळून एकच दुकान चालवता. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. पैसे दोघांत वाटून घेता. कागद केला नाही म्हणून काय झालं, संसार तर मांडलायत ना! याला म्हणायचं अलिखित भागीदारी. एकदा का तुम्ही भागीदार ठरलात, की त्या म्हाताऱ्याची सगळी कमाई इथली धरायची, सहा वर्षांची, आणि तो इथे नसतो म्हणून त्याचा कर तू भरायचा. दंडासकट."

"पण काका तिकडे भरतात की कर."

"तिकडे भरतात, आता इकडेही भरायचा. तू त्यांच्या वतीनं." मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "माझं ऐकशील? भागीदार आहोत म्हणून लिहून दे. चूक झाली म्हण. हप्ते पाडून घेऊ आणि मोकळी हो. पोर लहान आहे तुझं, चकरा कशाला मारतेस?"

हप्ते म्हणजे चाक विकणं, वाफेचं भांडं विकणं, हे मामांनाही ठाऊक होतं. म्हणूनच ते तिच्याकडे न बघता ठमीकडे बघत होते. आणि हप्त्यांआधीच सगळं संपलं असतं, कारण तिनं फोन करून सांगितलं तेव्हा बुबुळकाका म्हणाले, "पोरी, तसं ठरलं तर मी कुंचला ठेवतो. या वयात दोन सरकारांकडे नांदणं मला झेपायचं नाही." ते हसले, पण हसू मध्येच बंद पडलं. बुबुळं आली नाहीत तर ती पांढरे गोळे करणार होती. पांढरे, शिरा उमटवलेले, कुणाकडेच न बघणारे गोळे.

पुढचे दहा-बारा दिवस तिनं कारणं शोधण्यात घालवले, म्हणजे खरं तर बाबांना शोधण्यात. ठमीला पाजताना, साच्यात लगदा दाबताना, चाकापुढे उभी राहून डोळ्यांवर पाणी मारताना तिच्या कानांत एकच आवाज घुमत राहिला, वर्षातून एकदा ऐकू यायचा तो. वर्षातल्या एका ठराविक सकाळी बाबा मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचे आणि पलीकडे फोन लावायचे. दाराबाहेर आठ वर्षांची ती, फ्रॉकची किनार चावत. आतून आरडाओरडा. "लुटारू आहात तुम्ही, लुटारू! चकतीमागे एवढे? सोन्यानं रंगवता की काय?" मग फोनमधून तिकडचं ओरडणं. मग बाबा, "कापा, गळाच कापा माझा!" आणि धाडकन फोन ठेवल्याचा आवाज. बाबा स्वतःहून पुन्हा फोन कधी लावायचे नाहीत. फोनशेजारी खुर्ची ओढून हाताची घडी घालून बसायचे. तो वाजायचाच. पुन्हा लुटारू, पुन्हा गळा. असं दोनदा-तीनदा झालं की त्या वर्षाचा भाव ठरायचा, आणि बाबा दार उघडून लाल तोंडानं बाहेर येऊन दुप्पट जेवायचे. तिनं तेव्हा वहीत पलीकडच्या माणसाचं चित्र काढलं होतं, शिंगं असलेलं. बाबांनी ते बघून शिंगं आणखी लांब केली होती.

तो शिंगवाला तिला पहिल्यांदा दिसला बाबा गेल्यानंतर चौथ्या दिवशी. बुटका, स्वच्छ, कोटाच्या बाहीला निळा रंग लागलेला. दोन गाड्या बदलून आला होता. मागच्या खोलीत गेला, बंद चाकावर हात ठेवून उभा राहिला, आणि पाठमोराच म्हणाला, "आता भांडू कुणाशी?" त्या वर्षी ठराविक सकाळ आली आणि गेली. तिनं फोन लावला, पण लुटारू म्हणायला तिची जीभ वळेना. काका म्हणाले, तू म्हणशील तो भाव. ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तो. पुढे पत्रांतही दोघांनी तेच लिहिलं, आणि जुनाच भाव राहिला. दुसऱ्या वर्षीही तोच. त्या वेळी तिला वाटलं होतं की हा आपला चांगुलपणा.

चांगुलपणाचं काय होतं ते तिला कर खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, सकाळी अकरा वाजता कळलं. अधिकारी तिच्याच वयाचा होता, सर्दी झालेला, आणि अजिबात दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर बरं झालं असतं. त्यानं सगळं वाचलं होतं. मामांनी 'लपवायचं काय त्यात' म्हणून पत्रव्यवहाराची अख्खी पिशवीच त्याच्याकडे रिकामी केली होती, आणि त्यानं ती तारखेनुसार लावून, टाचून, पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून ठेवली होती. आपल्या आयुष्याची इतकी चांगली निगा तिनं स्वतःही कधी राखली नव्हती.

"दोन परक्या कंपन्या," तो रुमालातून म्हणाला, "प्रत्येकीला आपला नफा बघायचा असतो. बरोबर? मग ही बघा पत्रं. 'तू म्हणशील तो भाव.' 'तुम्ही म्हणाल तो.' मॅडम, माझी आई आणि बाबासुद्धा असं बोलत नाहीत."

मामा खोकले.

"आणि हे. दहा महिन्यांपूर्वीचं. बारा बुबुळं तुमच्याकडे खराब झाली. ते लिहितात, 'निम्मं नुकसान माझं. पोटात बाळ असताना हिशेब करायचा नसतो.' तुमचं उत्तर, 'काका, तुम्ही देवमाणूस आहात.'" त्यानं पान उलटं करून तिच्यापुढे सरकवलं, जणू तिला आपलं अक्षर ओळखू येणार नाही. "नुकसान वाटून घेणं, हीच तर भागीदारीची खूण. नफा एकवेळ कुणीही वाटून घेतं. नुकसान कोण घेतं वाटून?"

बारा. सातवा महिना होता. घोटे सुजून गोल झालेले, आणि वाफेच्या भांड्यापुढच्या स्टुलावर तिला झोप लागली होती, बसल्या बसल्या, तोंड उघडं टाकून. जाग आली ती वासानं. उष्णता चढत जाऊन बाराच्या बारा डोळे आतून उकळले होते. दुधाळ, बुडबुड्यांनी भरलेले, आणि त्या दुधामागे काकांची बारा बुबुळं, बुडालेल्या माणसांसारखी वर बघत असलेली. ती तिथेच जमिनीवर बसून रडली होती. काकांचं पत्र आलं तेव्हा पुन्हा रडली होती, आणि देवमाणूस लिहिलं होतं. आणि मग? मग काय केलं होतं आपण? अधिकाऱ्याच्या खोलीतला पंखा एका बाजूला झुकून फिरत होता, आणि त्या कुरकुरीबरोबर तिला आठवला जमिनीचा गारवा, पोट मांड्यांवर टेकलेलं, आणि समोर बाबांच्या कपाटाचा सगळ्यात खालचा, उघडलेला खण.

तो खण मामांच्या मांडीवर होता. म्हणजे तिनं सकाळी निघताना तो तसाच्या तसा ओढून काढून चादरीत बांधून आणला होता. मामा सगळा रस्ता कुरकुरले होते, "अगं, सरकारी कचेरीत फर्निचर नेतेस?" तिलाही नक्की सांगता आलं नसतं की आपण तो का नेतोय. बाबांचं काहीतरी सोबत असावं, एवढंच. आता तिनं चादर सोडली आणि खण टेबलावर ठेवला. आत कागदी पुड्या होत्या, शंभर-सव्वाशे, आणि प्रत्येकीवर बाबांच्या बारक्या अक्षरातली चिठ्ठी. तिनं एक पुडी उलगडली. चिरलेला, घारा डोळा टेबलावर घरंगळत गेला आणि फायलीला टेकून अधिकाऱ्याकडे बघत थांबला. अधिकारी खुर्चीसकट मागे सरकला.

"हे आमचे वाया गेलेले," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला नवा वाटला. "आमच्या हातून गेलेले आमच्याकडे राहतात, त्यांच्या हातून गेलेले त्यांच्याकडे. कुणी कुणाला निम्मं देत नाही. बाबांनी आधी सख्ख्या भावाबरोबर दुकान काढलं होतं. कुणाच्या हातून काय मोडलं याच वादात ते मोडलं. भाऊ परत बोलला नाही. तेव्हापासून बाबा म्हणायचे, जे ज्याच्या हातून गेलं ते त्यानं आपल्या घरात ठेवायचं आणि समोरच्याचे पूर्ण पैसे चुकते करायचे. प्रत्येक पुडीवर बघा, बुबुळाचा नंबर, तारीख, चूक कुणाची, आणि नवं बुबुळ पूर्ण भावानं घेतलं ते." तिनं हात खोलवर घातला. "आणि ही ती बारा. चिठ्ठ्या माझ्या अक्षरात आहेत. काकांनी निम्मं देऊ केलं. मी घेतलं नाही. बाराचे पूर्ण पैसे पाठवले. ते महिनाभर रुसले होते."

लहानपणापासून तिला या खणाची भीती वाटायची. माणूस किती कोरडा असावा लागतो, असं वाटायचं, मोडलेल्यांच्याही चिठ्ठ्या लिहायला! आणि त्या दिवशी जमिनीवर बसून बाराव्या चिठ्ठीवर 'चूक माझी' लिहिताना वाटलं होतं, झालो आपणही तसेच. देवमाणसाचं निम्मं नाकारणारे. आता त्या पुड्या तिच्या बोटांना उबदार लागत होत्या.

अधिकाऱ्यानं चिठ्ठ्या वाचल्या. बराच वेळ वाचल्या. मग त्यानं तेच विचारलं जे त्याच्या जागी कुणीही विचारलं असतं. "राग मानू नका. पण या चिठ्ठ्या काल रात्री बसून लिहिल्या नसतील कशावरून?"

पंखा कुरकुरला. तिची छाती भरून आली होती, खरोखरची, दुधानं. पाजण्याची वेळ उलटून गेली होती आणि घरी तिची आई ठमीला वाटीतलं पाणी चाटवत बसली असणार. ओल पसरू लागल्याचं तिला जाणवलं, तिनं मामांची फाईल छातीशी घट्ट धरली, आणि त्या घट्ट धरण्यातच तिच्या बोटांना एक रोजची गोष्ट आठवली. चकती साच्यात बसवताना नंबर खाली. नेहमी खाली. बुबुळकाका चकतीच्या पाठीवर सुईनं नंबर कोरायचे, कारण सीमेवरच्या माणसांना पार्सलमधून एवढे डोळे आपल्याकडे बघताना आवडायचं नाही आणि त्यांनी प्रत्येकाचा नंबर यादीत मागायला सुरुवात केली होती. मग ती चकती पांढऱ्यात रुतायची, शिजायची, आणि नंबर कायमचा आत जायचा.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "नंबर डोळ्याच्या पोटात असतो. एकदा शिजला की मलासुद्धा दिसत नाही. चिठ्ठीवर जो नंबर आहे तो डोळा शिजण्याआधीच ज्याला ठाऊक होता, त्यानंच लिहिलेला असणार. काल बसून कुणाला लिहिता येणार नाही. तुम्ही कुठलाही उचला. फोडू."

अधिकाऱ्यानं रुमाल खिशात ठेवला. पहिल्यांदाच तो सर्दी विसरला होता. त्यानं खणात हात घातला, एखादं मूल गोळ्यांच्या बरणीत घालतं तसा, अगदी तळाशी, आणि एक पुडी काढली. पाच वर्षांपूर्वीची, बाबांच्या अक्षरातली. मामा उठले, दार उघडं राहावं म्हणून ठेवलेला लोखंडी ठोकळा उचलून घेऊन आले, आणि दार मागे धाडकन मिटलं. तिनं डोळा चादरीच्या टोकात गुंडाळला. बाबांनी घासलेला होता तो. कडेची गोलाई बाबांची होती. क्षणभर तिचा हात अडला. मग तिनं ठोकळा हाणला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काहीतरी कटकन सुटलं.

चादर उलगडली तेव्हा पांढरं दुभंगलं होतं, आणि मध्ये चकतीची पाठ, काळपट, कोवळी, पाच वर्षांत उजेड न पाहिलेली. त्यावर सुईनं कोरलेले चार आकडे. अधिकाऱ्यानं ते मोठ्यानं वाचले. मामांनी चिठ्ठीवरचे वाचले. तेच. मग अधिकाऱ्यानं स्वतःच्या, पिवळ्या चिठ्ठ्यांच्या फायलीतून सीमेवरची यादी काढली, बोट सरकवत नेलं, आणि तिथे तोच नंबर होता, आणि तीन आठवड्यांनी आलेलं बदली बुबुळ होतं, पूर्ण भावाचं. त्यानं दुसरी पुडी उचलली. तीही जुळली. तिसरी त्यानं त्या बारातून घेतली. बुडबुड्यांनी भरलेला तो डोळा पहिल्याच घावाला फुटला, आणि आकडे दिसताच मामा अर्धवट उठून ओरडले, "जुळला!" जणू मॅच चालली होती. बाहेरच्या बाकावरच्या लोकांनी काचेतून डोकावून बघितलं. टेबलावर तीन फुटलेले डोळे होते आणि एक चिरलेला घारा, आणि ते चारही डोळे, तिला वाटलं, खूश दिसत होते.

"आणि भावाचं?" अधिकारी म्हणाला. आता तो अधिकाऱ्यासारखा विचारत नव्हता. "दोन वर्षं भाव का नाही बदलला?"

तिच्याजवळ कारण नव्हतं, जे खरं होतं तेवढंच होतं. "त्याआधी वीस वर्षं दर वर्षी भांडून ठरायचा. भांडणं पत्रात नाहीत, फोनवर व्हायची. मग बाबा गेले. आम्हा दोघांनाही भांडायचं मन झालं नाही, साहेब. हे कायद्यात कुठे बसतं मला ठाऊक नाही."

तो चिरलेला डोळा त्यानं उचलला, पुडीत ठेवला, पुडी नीट दुमडली. "कुठेच बसत नाही," तो म्हणाला. "पण वीस वर्षांचे भाव यादीत दर वर्षी बदललेले दिसतायत, कधी वर, कधी खाली. एक असती कंपनी, तर स्वतःशी एवढी कशाला भांडली असती?" त्यानं कळफलक पुढे ओढला. "बाहेर बसा. अर्धा तास लागेल. आणि मॅडम, या वर्षीपासून एक करार लिहून ठेवा. एक पान पुरे."

अर्ध्या तासाचा तास झाला. हातात आला तो कागद साधाच होता, शिक्का जरा तिरका पडलेला. दोन्ही कंपन्या स्वतंत्र असून प्रत्येकीने आपापला धोका स्वतंत्रपणे पेलल्याचे सिद्ध होते. सबब नोटीस मागे घेण्यात येत आहे. मामांनी तो तीनदा वाचला. "मी म्हणतच होतो," ते म्हणाले. "लढलं पाहिजे." तिनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तशी ते घाईघाईनं रिक्षा बघायला गेले.

ती खण घेऊन पायऱ्यांवर उभी राहिली. दुपारचं लख्ख ऊन होतं, छाती दुखत होती, पुढचं सगळं भिजलं होतं, आणि तिला ते लपवावंसं वाटेना. घरी जाऊन ठमीला घेईन, ती आपलं बोट चावेल, चावू दे. कळेल तिला हळूहळू, कुठे कोण संपतं ते. कळलं म्हणून काही तुटत नाही. तिनं खण पायरीवर ठेवला आणि फोन लावला.

"काका, आपण वेगळे. शिक्क्यासकट."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला, बहुधा कुंचला. मग, "तुझा बाप हवा होता गं आज."

"काय म्हणाले असते?"

"तो? तो म्हणाला असता, मग आता भाव कमी करा."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग करा कमी," ती म्हणाली.

"काय?"

"दोन वर्षं जास्त देतेय मी. चकतीमागे एवढे? सोन्यानं रंगवता की काय?"

आणि मग त्या म्हाताऱ्या आवाजातून दुसराच एक आवाज वर आला, तिनं दाराबाहेर उभं राहून ऐकलेला, पंधरा-वीस वर्षांनी तरुण. "जास्त? रंगांचे भाव ठाऊक आहेत का तुला, कालची पोर तू! वाढवून मागणार होतो मी!"

"लुटारू!" ती पायऱ्यांवरून ओरडली. रस्त्यावरचे दोघंतिघं थबकले, रिक्षा थांबवून उभे असलेले मामा दचकले. "लुटारू आहात तुम्ही, काका!"

"काप, म्हाताऱ्याचा गळाच काप!" आणि धाडकन फोन बंद झाला.

मामा खालून हात करत होते, चल, चल. ती हलली नाही. खणाशेजारी पायरीवर बसली, फोन मांडीवर ठेवला आणि हाताची घडी घातली. ऊन तापत होतं. थोड्या वेळानं फोन वाजू लागला. तिनं त्याला आणखी जरा वाजू दिलं.